रोग एकच, मग मरणात फरक का?



या पत्रकातून आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. एचआयव्हीला गावात अजून 'तो रोग' म्हणतात आणि आवाज खाली करतात. नाव घेतल्याने रोग लागत नाही, तेव्हा नाव घेऊनच बोलू.

2002 साली उसावर लोकरी मावा आला होता तो आठवून बघा. कीड सगळ्यांच्या फडात एकच होती. ज्याने वेळीच पान उलटे करून पाहिले त्याचा ऊस बराचसा वाचला. बांधावरून हिरवेगार दिसतेय म्हणून जो निर्धास्त राहिला, त्याचे वजन घटले. एचआयव्हीचे काहीसे तसेच आहे. विषाणू बाई-पुरुष, गरीब-श्रीमंत बघत नाही. पण त्याने मरणारांत पुरुष जास्त, वय झालेले जास्त आणि पोटासाठी फिरणारे जास्त. हे का होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यातले पुष्कळसे मरण टळण्यासारखे आहे.

आधी रोगाची चाल सांगतो. हा विषाणू रक्तातल्या राखणदार पेशी मारतो. त्यांना सीडी-फोर म्हणतात. निरोगी माणसात त्या साधारण 500 च्या वर असतात. 200 च्या खाली आल्या की क्षय, न्यूमोनिया असे दुसरे रोग घुसतात, आणि माणूस जातो तो बहुधा त्यांनी. आपल्या देशात यात क्षयाचा वाटा मोठा. लागण झाल्यावर वर्षानुवर्षे माणूस ठणठणीत दिसतो, खरा धोका तोच. औषध विषाणूला दाबून ठेवते, समूळ काढत नाही, म्हणून गोळी रोज आणि जन्मभर. मात्र लवकर सुरू करून न चुकता घेतली तर आयुष्य जवळपास इतरांइतकेच मिळते. रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही.

आपल्या देशात हा विषाणू 1986 साली प्रथम सापडला. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने मोफत औषध सुरू केले. त्या आधी औषध होते, पण ते परवडणारे घर शेकड्यात एखादे. 2017 पासून सीडी-फोर किती आहे हे न पाहता, लागण कळली की लगेच औषध देतात. याचा गुण आला. 2010 च्या मानाने मृत्यू तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले. तरीही सरकारी अंदाजाप्रमाणे 2023 साली देशात सुमारे 35 हजार माणसे यात गेलीच. औषध फुकट असताना गेली, हे ध्यानात घ्या.

पुरुष जास्त का जातात? बाई गरोदर राहिली की दवाखान्यात नाव लागते, इतर तपासण्यांबरोबर ही तपासणी होते आणि लागण लवकर कळते. पुरुषाला दवाखान्यात नेणारे असे काही कारणच नाही. ताप आला, वजन उतरले, खोकला हटेना, तरी 'हंगाम होऊ द्या, मग बघू' असे चालते. (हे वाक्य कोणाच्या घरात बोलले जात नाही?) तो येतो तेव्हा सीडी-फोर तळाला गेलेले असतात. त्यात दारू असली तर गोळ्या चुकतात. वयाचेही तसेच. पन्नाशीपुढे पेशी पुन्हा भरून यायला वेळ लागतो, आणि या वयात असा रोग असेल असे ना घरच्यांना वाटते ना डॉक्टरला. लहान मुलांची गोष्ट तर फार वाईट. जन्मतः लागण झालेल्या आणि औषध न मिळालेल्या मुलांपैकी निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. पण आईला गरोदरपणी औषध मिळाले तर बहुतेक बाळे मुळातच वाचतात.

आता फिरतीच्या माणसांचे. हंगाम संपला की आपल्यातले बरेचजण घाट उतरून मुरुडला जातात, जंजिरा पाहतात, मासे खाऊन परततात. त्या मुरुडच्या, एकदऱ्याच्या, राजपुरीच्या बंदरावरचा खलाशी बघा. मुरुडात हा रोग जास्त आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सांगायचे ते कामाच्या रीतीबद्दल. मोठी होडी एकदा आत गेली की कित्येक दिवस किनारा दिसत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, तेवढाच तो घरी सापडायचा. जिल्हा रुग्णालय अलिबागला, सुमारे 50 किलोमीटरवर. जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि होडी काही एकट्यासाठी थांबत नाही. आपल्या फडातला तोडकरी याहून वेगळा नाही. कार्ड बीडच्या केंद्रात आणि कोयता इथे, पाच महिने. उचल अंगावर, खाडा परवडत नाही. गोळी तुटते ती अशी. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही काळ्या लोकांत या रोगाचे मृत्यू गोऱ्यांच्या मानाने खूप जास्त आहेत, आणि तिथेही मुख्य कारणे पैसा, विमा आणि दवाखान्याची वाट हीच.

तेव्हा टोळीने रोग आणला असली भाषा सभासदांनी करू नये. बाहेरगावी जाणाऱ्याला केंद्रात आधी सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा जवळच्या केंद्राचे पत्र घेता येते. मुकादमाने एक दिवसाची सवड दिली की झाले. कोणाला काय आजार आहे हे त्याने विचारायचे कारण नाही. 1097 या फोनवर मोफत माहिती मिळते, नाव सांगावे लागत नाही.

शेवटी विधवांबद्दल. बाया कमी मरतात म्हणजे कमी सोसतात असे नाही. नवऱ्याकडून लागण, नवरा गेल्यावर दोष हिच्यावर, आणि मग घराबाहेर. 2017 च्या कायद्याने तिला राहत्या घरातून काढता येत नाही. पण हातात पैसा नसेल तर एस.टी.च्या भाड्यापायीही औषध सुटते. म्हणून सात-बाऱ्यावर आणि कारखान्याच्या शेअरवर तिची वारस नोंद वेळेत व्हावी, उसाची नोंद तिच्या नावे लागावी, बिल तिच्या खात्यावर जावे. दीर-भावजयीच्या वादात हे वर्षानुवर्षे लोंबकळते. ज्या भगिनी लाजेपोटी पुढे येत नाहीत त्यांनी एवढे जाणावे की मृत्यूच्या दाखल्यावर मरणाचे कारण लिहिलेले नसते.