रक्ताच्या रिपोर्टवर नोकरी नाकारता येते का?

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल आणि महाऔष्णिक वीज केंद्र आहे. गडचिरोलीत सुरजागडची लोहखनिज खाण आणि कोनसरीचा प्रकल्प आहे. जोडीला पोलीस आणि वनरक्षक भरती असते. यांपैकी कुठेही अर्ज केला तरी शेवटी ‘मेडिकल’ असतेच. रक्त कशासाठी घेतले आणि नापास का केले, हे विचारायची सवय उमेदवाराला नाही. सांगायची सवय ठेकेदाराला नाही. त्यातून काही समज पक्के झाले आहेत.

गैरसमज 1: नोकरी देणारा हवी ती तपासणी करू शकतो.

वस्तुस्थिती: तपासणीचा कामाशी संबंध असावा लागतो. खाणीत धूळ, अंधार आणि अवजड यंत्रे असतात. म्हणून 1955च्या खाण नियमांनी कामावर घेण्यापूर्वीची आरोग्य तपासणी सक्तीची केली. वनरक्षकाला नेमून दिलेल्या वनक्षेत्रात (बीटात) पायी गस्त घालायची असते. म्हणून 4 तासांत पुरुषांना 25 आणि महिलांना 16 किलोमीटर चालून दाखवावे लागते. त्याच भरतीत पुरुषांसाठी उंचीची अट 163 सेंटीमीटर असली, तरी अनुसूचित जमातीच्या पुरुषांसाठी ती 152.5 आहे. सगळ्यांना एकच अट लावली, तर जंगल ओळखणारेच बाहेर राहतील.

वरवर सगळ्यांना सारखा दिसणारा निकषही भेदभाव ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 25 मार्च 2021 रोजी लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या प्रकरणात मान्य केले. पुरुषांना तरुण वयात लावलेले वैद्यकीय निकष या महिलांना कितीतरी वर्षांनी लावले जात होते.

गैरसमज 2: सिकलसेलचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे माणूस आजारी.

वस्तुस्थिती: सर्वात मोठा घोळ इथेच होतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा दोष आला, तर ती व्यक्ती वाहक असते. रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलेले असते. दोघांकडून आला, तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. रुग्णाला तीव्र वेदना, रक्तक्षय आणि वारंवार जंतुसंसर्ग होऊ शकतो. वाहक बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो. रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी या दोघांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. पहिल्याच चाचणीवर कुणाला ‘अनफिट’ ठरवणे वैद्यकशास्त्रालाही धरून नाही.

वाहकाने एक काळजी मात्र घ्यावी. कडक उन्हात, पाणी न पिता जीव तोडून धावल्यास वाहकाच्या स्नायूंना गंभीर इजा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सवय हळूहळू वाढवावी आणि पाणी भरपूर प्यावे. हा धोका काळजीने टाळता येतो. त्यावरून नोकरी नाकारण्याचे कारण नाही.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. गावोगावी ही तपासणी होते ती उपचार आणि विवाहपूर्व समुपदेशनासाठी. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. या तपासणीचे कार्डच भरतीत आडवे येऊ लागले, तर उद्या तपासणीला कुणी येणार नाही. नोकरीच्या ठिकाणी अशी चाचणी झाल्याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने कर्मचाऱ्यांच्या रक्ताची सिकलसेल, गरोदरपण आणि सिफिलिससाठी त्यांना न विचारता तपासणी केल्याची तक्रार झाली. 1998 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा खासगीपणाच्या हक्काचा प्रश्न मानून खटला चालू ठेवला.

गैरसमज 3: सिकलसेलच्या रुग्णाला 4 टक्के अपंग आरक्षण मिळते.

वस्तुस्थिती: 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत सिकलसेल आहे, मात्र कलम 34 मधील नोकरीच्या आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. आरक्षण नसले तरी भेदभावाविरुद्धचे संरक्षण आहे. कलम 20 नुसार सरकारी आस्थापनेला दिव्यांगत्वामुळे नोकरीत भेदभाव करता येत नाही आणि कामाच्या जागी वाजवी सोय द्यावी लागते. कामाचे स्वरूप पाहून सरकार अधिसूचनेने काही पदे यातून वगळू शकते. अशी सोय मिळायला 40 टक्क्यांचे प्रमाणपत्रच हवे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितले.

गैरसमज 4: हे सगळे सरकारी नोकरीपुरते, खासगी कंपनीला आणि ठेकेदाराला मोकळे रान.

वस्तुस्थिती: राज्यघटनेचे कलम 16 सरकारी नोकऱ्यांना लागू आहे, हे खरे. पण काही कायदे खासगी मालकालाही बांधतात. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी घेण्याला मनाई केली आहे. रिपोर्टची गोपनीयता पाळण्याचे बंधनही या कायद्यात आहे. त्याच्या 20 वर्षे आधी, 1997 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्हीबाधित पण कामाला सक्षम असलेल्या हंगामी मजुराला काम नाकारणे बेकायदा ठरवले होते. 2019च्या कायद्याने तृतीयपंथी उमेदवाराला भरतीत डावलण्यासही मनाई आहे.

गैरसमज 5: बाईला मासिक पाळी आणि गरोदरपणाबद्दल विचारणे, ही नुसती चौकशी.

वस्तुस्थिती: आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात पाळीच्या तारखा आणि गरोदरपणाची माहिती मागितली होती. नीरा माथुर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये असे रकाने काढून टाकायला सांगितले आणि माथुर यांना पुन्हा कामावर घ्यायला लावले. डिसेंबर 2021 मध्ये स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर उमेदवारांना ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरवणारा नियम आणला. टीका होताच जानेवारी 2022 मध्ये तो स्थगित ठेवावा लागला.

गैरसमज 6: अंगावर गुन्हा असला की नोकरी गेली, म्हणून तो लपवलेला बरा.

वस्तुस्थिती: मेडिकलच्या जोडीला चारित्र्य पडताळणीही असते. जंगलपट्ट्यात आंदोलनाचा किंवा वनगुन्ह्याचा एखादा खटला अनेकांवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंह प्रकरणात सांगितले, की तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, तर तो लपवला तरी मालक दुर्लक्ष करू शकतो. खरी माहिती दिली असेल, तरी योग्यता तपासण्याचा अधिकार त्याला राहतो. अर्जात स्पष्ट विचारले असताना खोटे लिहिणे मात्र फार धोक्याचे. चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याची नोंद निघतेच.

उमेदवारांनी तीन गोष्टी कराव्यात. रक्त देण्यापूर्वी कोणत्या चाचण्या आहेत ते विचारावे. ‘अनफिट’ ठरवले, तर कारण आणि रिपोर्टची प्रत लेखी मागावी. सरकारी भरतीत वैद्यकीय मंडळाकडे फेरतपासणीची तरतूद असेल, तर मुदत चुकवू नये. दिव्यांगत्वामुळे डावलले असेल, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

कंपन्यांनी आणि ठेकेदारांनी आधी कामाचे स्वरूप कागदावर लिहावे आणि त्याला लागतील तेवढ्याच चाचण्या ठेवाव्यात. ज्या चाचणीचे कारण लिहून देता येत नाही, ती घेऊ नये.