मंदिराभोवतीचा पथ: पैसे जमिनीखाली का घालायचे?



मंदिरामागच्या मैदानाभोवती चालण्यासाठी डांबरी पथ बांधायचे ठरले आहे आणि त्यासाठी ‘पथ निधी’ उघडला आहे, हे आपण मागच्या अंकात वाचले असेल. तेव्हापासून आरतीनंतर चहाच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला जातो. “डॉक्टर, दोन कोटेशने आली होती ना? मग महागाचे का घेतले? त्यावर नुसते चालायचेच तर आहे!” प्रश्न रास्त आहे. पैसे तुमचे आहेत, तेव्हा ते कुठे जाणार हे सविस्तर सांगायला हवे.

स्वस्त कोटेशनमध्ये गवत खरवडून, आज आहे त्याच खडीवर दोन इंच डांबर पसरायचे होते. दोन दिवसांचे काम. दुसऱ्यात जवळजवळ फूटभर खोदकाम, कापड, आठ इंच खडी, पाण्याचा चर आणि मग तीन इंच डांबर. उद्घाटनाच्या दिवशी दोन्ही पथ शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळणार नाही. फरक दुसऱ्या-तिसऱ्या मार्चमध्ये कळेल.

आधी पथ कोणासाठी, ते सांगतो. आपल्याकडे भारतातून आलेले आईवडील साधारण सहा महिने राहतात. मुलगा-सून कामावर, गाडी चालवता येत नाही, आणि आपल्या बऱ्याच सबडिव्हिजनमधून बाहेर पडले की फुटपाथच नाही. मंदिरात आणून सोडले की तेवढेच त्यांचे फिरणे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील दर चार माणसांत एकाहून अधिक जण वर्षातून एकदा तरी पडतात, आणि दरवर्षी सुमारे तीन लाख ज्येष्ठांना खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. पाहुण्या आईवडिलांना मेडिकेअर नसते. ग्रीन कार्ड असले तरी स्वतः इथे नोकरी केलेली नसेल, तर बहुतेकांना पाच वर्षे सलग राहिल्यानंतर पैसे भरूनच ते घेता येते. व्हिजिटर इन्शुरन्सच्या मर्यादा आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहेत. आपल्या साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत अशा पडण्याचे अर्ज असतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये पार्किंगजवळच्या जुन्या डांबरी तुकड्यावर एका आजींचा पाय अडकला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, आजी चालू लागल्या, पण त्या कुटुंबाचे बिल अजून फिटलेले नाही.

आजी ज्यात अडकल्या ती भेग काही मोठी नव्हती. एक कड दुसरीपेक्षा अर्धा-पाऊण इंच वर आलेली, इतकेच. चालताना पाऊल पुढे नेतो तेव्हा मधल्या एका क्षणी बोटे जमिनीपासून जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर वर असतात. तरुणपणी मेंदू ही उंची क्षणोक्षणी सांभाळतो. वय वाढले, मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झाली, पार्किन्सनने पाय घासू लागले, की ते अंतर आणखी कमी आणि अनिश्चित होते. त्यात बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायाखालची जमीन धूसर दिसते. म्हणून अपंगांसाठीच्या एडीए मापदंडांत चालण्याच्या वाटेवर उभी पायरी पाव इंचापर्यंतच चालते. पाव ते अर्धा इंच असेल तर ती उतरती घासावी लागते, आणि त्याहून जास्त असेल तर रॅम्प करावा लागतो. या कायद्याच्या सार्वजनिक जागांच्या कलमांतून धार्मिक संस्थांना सूट आहे. पण कायद्याने सूट दिली म्हणून हाड मोडायचे थांबत नाही, त्यामुळे समितीने ते मापदंड पाळायचे ठरवले आहे.

आता ती कड वर का आली, हे पाहू. मराठीत आपण संशय आला की “कुठेतरी पाणी मुरतंय” म्हणतो. रस्त्यांच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. गावाकडे पावसाळ्यात डांबर उखडते ते पाण्यानेच. इथे त्या पाण्याचा बर्फ होतो, म्हणजे दुहेरी मार. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे शाळेत शिकलो. पण खरे नुकसान त्याहून पुढचे आहे. आपल्या भागातली चिकट, बारीक माती गोठू लागली की खालचे ओले पाणी दिव्याच्या वातीसारखे वर खेचते, आणि गोठण्याच्या पातळीवर बर्फाचे थर साचत जातात. ते थर वरच्या रस्त्याला उचलतात, तेही सगळीकडे सारखे नाही. मिशिगनमध्ये घराचा पाया ४२ इंच खोल का घ्यावा लागतो, त्याचे कारण हेच. वसंतात बर्फ वरून खाली वितळतो. खालची माती अजून गोठलेली असल्याने पाण्याला खाली जायला वाट नसते, आणि मधली माती लगद्यासारखी होते. याच दिवसांत इथल्या रस्त्यांवर ट्रकांच्या वजनावर निर्बंध येतात, ज्याला इथले लोक ‘फ्रॉस्ट लॉ’ म्हणतात.

आपण काही ४२ इंच खोदणार नाही; चालण्याच्या पथाला ते परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. पाणी, बारीक माती आणि थंडी या तिघांनी एकत्र यायला हवे, तरच असा बर्फ साचतो. थंडी आपल्या हातात नाही, पण पाणी आणि माती दूर ठेवता येतात. महागाच्या कोटेशनमधला बराचसा खर्च त्यासाठीच आहे.

काम असे होईल. गवत, मुळे आणि काळी भुसभुशीत माती पूर्ण काढायची, कारण कुजणारी वस्तू खाली राहिली की तिथे खळगा पडतोच. उघड्या पडलेल्या मातीवरून भरलेला ट्रक हळू चालवून बघायचे. जिथे जमीन चाकाखाली हलते तिथली माती काढून खडी भरायची. त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे जाड गोणपाटासारखे कृत्रिम कापड. ते पाणी जाऊ देते, पण ओली माती खडीत वर घुसू देत नाही. हे कापड नसेल तर काही वर्षांत खालची खडी चिखलात मिसळते आणि आठ इंचांची पाच इंच उरते.

मग खडी. राज्याच्या रस्ते खात्याच्या प्रतवारीत जिला २१एए म्हणतात, ती फोडलेली, धारदार कोपऱ्यांची खडी वापरायची. नदीतले गोल गोटे दिसायला छान असतात, पण ते एकमेकांत अडकत नाहीत. आठ इंच एकदम ओतायचे नाहीत. चार-चार इंचांचे दोन थर, प्रत्येकावर किंचित पाणी मारून कंप देणारा रोलर. हा थर डांबरापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त रुंद असेल. डांबरी वाटा बहुतेक वेळा कडेने तुटतात, कारण कडेखाली आधारच नसतो.

वर डांबर. ज्याला आपण डांबर म्हणतो त्यात वजनाने ९४-९५ टक्के दगड आणि वाळूच असते. काळा चिकट भाग पाच-सहा टक्के. ट्रकमधून माल येतो तेव्हा तो सुमारे ३०० अंश फॅरनहाइट असतो आणि १७५ च्या आसपास उतरला की रोलर फिरवून उपयोग नाही, तो दबतच नाही. दीड इंचाचा थर गार दिवशी काही मिनिटांत तिथवर येतो. नीट दबलेल्या डांबरात हवेची पोकळी ६ ते ८ टक्के राहते. त्याहून जास्त राहिली तर पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आरपार जाते. म्हणून ऑक्टोबरअखेरीस “आटपून टाकू” म्हणणाऱ्याला आपण नकार देणार आहोत. हिवाळ्यात तर इथले डांबराचे प्लांट बंदच असतात.

पथाला एका बाजूला उतार असेल: ८ फूट रुंदीला साधारण दीड इंच. मापदंडानुसार ८ फुटांना दोन इंचांहून जास्त चालत नाही. तिरप्या वाटेवर व्हीलचेअर सारखी एका बाजूला ओढली जाते आणि ढकलणाऱ्याची कंबर धरते. उतार अजिबात नसेल तर पाणी साचते, आणि जानेवारीत त्याचीच काच होते. टेकाडाच्या बाजूने उथळ चर आणि सखल जागी पथाखालून पाइप. मॅपलच्या झाडांजवळ वाट सरळ न नेता वळवली आहे, कारण मॅपलची मुळे वरवर पसरतात आणि डांबर उचलतात. नकाशा वाकडा का, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर.

“नुसते चालायचे आहे” याबद्दल थोडे. माणसांच्या वजनाने पथ कधीच तुटत नाही. त्यावरून जाणारी सर्वांत जड वस्तू म्हणजे बर्फ काढणारा पिकअप: पुढे नांगर, मागे मीठ, सगळे मिळून चारेक टन. शेवटची फेरी तो अनेकदा मार्चमध्ये मारतो, म्हणजे खालचा लगदा झालेला असताना. दोन इंचांचा पथ तिथे हरतो.

पुणेकरांना जंगली महाराज रस्ता आठवत असेल. १९७० च्या दशकात कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी देऊन तो बांधला आणि मुदत संपल्यानंतरही अनेक वर्षे लोक त्याचे उदाहरण देत राहिले. त्यात जादू नव्हती. आपल्या कंत्राटातही समितीने हमी मागितली आहे, आणि खडीचा थर डांबराखाली झाकण्यापूर्वी आम्ही स्वतः पट्टी लावून मोजणार आहोत.

आता हिशोब. पथ १,७६० फूट लांब आहे, म्हणजे तीन फेऱ्यांचा एक मैल. आठ फूट रुंद आणि तीन इंच जाड डांबराला सुमारे २५५ टन माल लागतो. त्याखालच्या दहा फूट रुंद, आठ इंच खडीचे वजन भरते ८१० टनांच्या आसपास. दिसणाऱ्या एका टनाखाली न दिसणारे तीन टन. एक फूट पथ म्हणजे साधारण २९० पौंड डांबर आणि ९२० पौंड खडी. आतापर्यंत बाकांसाठी आणि दिव्यांसाठी भरभरून देणग्या आल्या आहेत, त्यांवर नावे लागतील, आणि त्यात गैर काहीच नाही. पण खडी, कापड आणि चर यांच्यासाठीची रक्कम अजून निम्मीसुद्धा झालेली नाही. यांच्यावर नाव कोरता येत नाही, एवढीच अडचण आहे.

एक वैद्यकीय सूचना इथेच देतो, नंतर विसरायला नको. हा पथ अनवाणी प्रदक्षिणेसाठी नाही. हवा ९० अंश असताना उन्हातले काळे डांबर १४० च्या पुढे जाऊ शकते. ज्यांचे तळवे बधिर आहेत त्या मधुमेही माणसाला भाजल्याचे कळत नाही. फोड आल्यावर कळते, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अनवाणी प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती आतच घालावी. आषाढीच्या दिंडीतही बाहेरच्या फेरीला पायात काहीतरी असू द्या, विठोबा रागावणार नाही. हाच काळा रंग हिवाळ्यात उपयोगी पडतो. जरा ऊन आले की त्यावरचा पातळ बर्फ काँक्रीटपेक्षा लवकर वितळतो.

दुसरी सूचना सीलकोटबद्दल. दरवर्षी कोणीतरी दारावर येऊन “चकचकीत काळे करून देतो” म्हणेल. नवे डांबर निदान पहिले सहा महिने तसेच कडक होऊ द्यावे. पुढे लावायचे तेव्हाही कोल टारचे सीलकोट नको. त्यात कर्करोगाशी संबंध असलेली पीएएच संयुगे मोठ्या प्रमाणात असतात, आणि झिजून त्याची धूळ बुटांबरोबर घरात येते. ऑस्टिन शहराने २००६ मध्ये आणि मिनेसोटा राज्याने २०१४ पासून त्यावर बंदी घातली. अॅस्फाल्ट इमल्शनचा पर्याय मिळतो, तोच वापरायचा, असे देखभालीच्या नियमांत लिहून ठेवले आहे.

देखभाल फार नाही. कडेचे गवत डांबरावर चढू द्यायचे नाही, चरातली पाने शरद ऋतूत काढायची, आणि पाव इंचाची भेग दिसली की त्याच वर्षी थंडीपूर्वी भरायची. सेवेसाठी आठ-दहा जण हवे आहेत. गुडघे बरे असलेल्यांनी कृपया ऑफिसमध्ये नाव द्यावे.

जमीन वाळली की जूनमध्ये खोदकाम सुरू करून गणपतीच्या गर्दीपूर्वी डांबर टाकायचे आहे. खडीची ऑर्डर त्याआधी द्यावी लागते, म्हणून निधी अक्षय तृतीयेपर्यंत जमावा अशी विनंती आहे. चेक ट्रस्टच्या नावे लिहून मेमोत ‘पथ निधी – पाया’ असे लिहावे, म्हणजे ती रक्कम बाकांकडे जाणार नाही. करसवलतीची पावती नेहमीप्रमाणे मिळेल. कंपनीकडून मॅचिंग मिळते का तेही विचारा. काही कंपन्या धार्मिक संस्थांना वगळतात, पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत. एका फुटापासून कितीही फूट घेता येतात, आणि दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक फूट घेतला तरी चालेल. एका फुटाचा दर आणि दोन्ही कोटेशने ऑफिसबाहेरच्या फलकावर लावली आहेत. शंका असल्यास रविवारी आरतीनंतर मी तिथेच असतो.