‘लार्गो’ : लांब की रुंद?

अमेरिकेत इंग्रजीच्या खालोखाल कानावर पडते ती स्पॅनिश. आपल्यातल्या गोवेकर मंडळींपैकी काहींच्या घरी थोडीफार पोर्तुगीज असते. या दोघी सख्ख्या बहिणी, तेव्हा एक येत असली की दुसरी आपोआप उमगेल, असे वाटणे साहजिक आहे. ‘लार्गो’ या विशेषणापाशी मात्र सांभाळावे, असे आम्ही सुचवू.

मूळ लॅटिन शब्द ‘लार्गुस’, म्हणजे विपुल, सढळ. आपण ‘सढळ हाताने वाढले’ म्हणतो ना, त्यातला सढळ. सढळपणातून ऐसपैसपणा आणि त्यातून रुंदी, असा अर्थ सरकत गेला. इटालियन ‘लार्गो’, फ्रेंच ‘लार्ज’, रुमानियन ‘लार्ग’ आणि पोर्तुगीज ‘लार्गु’, सारे रुंदच. स्पॅनिशने मात्र त्याला लांबीकडे वळवले. तिथे लांब या अर्थी ‘लुएंगो’ हा जुना शब्द होता; तो बिचारा अडगळीत गेला. रुंदीला स्पॅनिश माणूस ‘आंचो’ म्हणतो. इंग्रजांनी फ्रेंचांकडून ‘लार्ज’ उचलला आणि त्याचा नुसता ‘मोठा’ करून टाकला! मूळचे औदार्य उरले ते ‘लार्जेस’ या शब्दात.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. स्पॅनिश पत्रकात गालिच्याच्या मापापुढे ‘लार्गो’ असेल तर ती लांबी. ब्राझीलच्या मालावर ‘लार्गुरा’ असेल तर ती रुंदी. गल्लत झाली तर गालिचा दिवाणखान्यात बसायचा नाही. कापडाच्या धंद्यातल्या आपल्या बांधवांनी तरी मापे आधी इंग्रजीत लिहून घ्यावीत.

गावांच्या नावांतही हाच घोळ. १९४८ च्या चित्रपटामुळे गाजलेले फ्लोरिडाचे ‘की लार्गो’ म्हणजे लांब बेट, आणि ते आहेही सुमारे ३३ मैल लांब. उलट पणजीच्या चर्चपुढचा ‘लार्गो द इग्रेजा’ हा चौक. पोर्तुगीजांनी मोकळ्या, रुंद जागेलाच ते नाव दिले. संगीतातला ‘लार्गो’ इटालियन. द्वोर्झाकची नववी सिंफनी डिसेंबर १८९३ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम वाजली, तिचा दुसरा भाग ‘लार्गो’ आहे : संथ, ऐसपैस. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या कानांना तो परका वाटू नये.

आणि एखाद्या स्पॅनिश गृहस्थाने हात झटकून नुसतेच ‘लार्गो!’ म्हटले, तर लांबी-रुंदीचा विचार करीत उभे राहू नये. त्याचा अर्थ ‘चालते व्हा!’