सिंकखालचा प्लाय कोणता?

सोलापुरात किचनचं काम काढताय? सनमायकाचा रंग नंतर ठरवा, आधी प्लाय बघा. इथला उन्हाळा चाळिशीपार आणि कोरडा. नीट न वाळलेलं सागवान असेल तर दारं हमखास वाकतात. सिंकखाली मात्र उलटं. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून ओट्याखाली भरलेल्या बादल्या आणि कायम ओल. तिथं आयएस 710 चा मरीन प्लायच घ्या. त्याचा जोड 72 तास उकळत्या पाण्यात तपासतात. शीटवरचा शिक्का दुकानातच वाचा. पार्टिकल बोर्ड स्वस्त खरा, पण कड उघडी राहिली की पाणी पिऊन फुगतो. पाइपसाठी पाडलेली भोकंसुद्धा सुताराकडून सील करून घ्या, हेच नेमकं राहून जातं! बाथरूममध्ये तर मी लाकडाच्या वाटेलाच जात नाही, पीव्हीसी बरं.