पैसा वाढला, पण कशाच्या मानाने?



नव्या वाणाचे प्रात्यक्षिक घेताना आम्ही शेजारी नेहमीच्या वाणाचा एक पट्टा का पेरतो, हे आपणास ठाऊक आहे. नव्या वाणाने एकरी आठ क्विंटल कापूस दिला, एवढ्यावरून काही ठरत नाही. त्याच जमिनीत, त्याच पावसात शेजारच्या पट्ट्याने नऊ क्विंटल दिला असेल, तर नवे बियाणे महागात पडले. पिकाला आपण ही कसोटी लावतो. घामाच्या पैशाला मात्र लावत नाही.

जानेवारी 2025 मध्ये काटोलकडे एका संत्रा बागायतदाराकडे गेलो होतो. आंबिया बहाराचे पैसे नुकतेच हाती आले होते. ते म्हणाले, "साहेब, दहा वर्षांमागं एजंटाच्या सांगण्यावरून शेअरच्या योजनेत एक लाख टाकले होते. त्याचे दोन लाख झाले जी! आता हेही तिथंच टाकतो."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारले, "मंग पोस्टात ठेवले असते, तर किती झाले असते?"

प्रश्न लाखमोलाचा होता. आम्ही वही काढली.

दहा वर्षांत दुप्पट म्हणजे साल किती टक्के? सोपी युक्ती आहे. 72 ला वर्षांनी भागा. उत्तर आले 7.2 टक्के. आता 2015 च्या जानेवारीत पोस्टात काय मिळत होते ते पाहू. तेव्हाचे किसान विकास पत्र 100 महिन्यांत दुप्पट होत होते. म्हणजे त्यांचे दोन लाख मे 2023 मध्येच झाले असते, वीस महिने आधी आणि बाजाराची जोखीम न घेता.

पण कापसाची तुलना कापसाशीच हवी. शेअरच्या योजनेशेजारचा पट्टा म्हणजे निफ्टी, राष्ट्रीय शेअर बाजारातील 50 मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक. डिसेंबर 2014 अखेर तो सुमारे 8,283 होता, डिसेंबर 2024 अखेर सुमारे 23,645. म्हणजे लाखाचे सुमारे दोन लाख पंच्याऐंशी हजार. साल सुमारे 11 टक्के. कंपन्यांनी वाटलेला लाभांश त्यात धरलेलाही नाही. योजना चालविण्याचा खर्च वजा केला, तरी फरक मोठाच राहतो. बागायतदार बराच वेळ गप्प बसले.

असा हिशेब प्रत्येक घरी व्हावा. त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, पैसे कधी टाकले व कधी काढले, ती प्रत्येक तारीख लिहून ठेवा. दावणीला दोनाची पाच जनावरे झाली, पण त्यातली दोन विकत आणलेली असली, तर ती वाढ नव्हे. मधे भरलेल्या हप्त्यांचेही तसेच आहे.

दुसरी, तुलना त्याच काळाची करा. 2015 च्या पैशाला आजचा व्याजदर लावू नका.

तिसरी, म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात तुलनेचा निर्देशांक छापलेला असतो. फेब्रुवारी 2018 पासून सेबीच्या नियमाने तो लाभांश धरूनच दाखवावा लागतो. एजंटाला तोच आकडा विचारा आणि कमिशन, खर्च व कर वजा जाता हाती काय उरले ते पाहा.

चौथी, एका सालावरून निकाल देऊ नका. एका पावसावरून वाण कोणी टाकून देत नाही. पाच-सात वर्षे सतत मागे राहिला, तर मात्र बदलावा.

त्या बागायतदारांनी बहाराचे पैसे त्या योजनेत टाकले नाहीत. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी लागणारी रक्कम त्यांनी पोस्टात ठेवली. उरलेल्याचे काय करायचे, ते ठरवायला दोघे नवराबायको वही घेऊन बसले.

आपल्या घरची वही आज रात्री जेवणानंतर उघडा. घरातल्या बायकांना सोबत घेऊन बसा. नेमका प्रश्न बहुधा त्याच विचारतील.