एकाच तालुक्यात दोन रीती

सावनेर तालुक्यात जमिनीखाली कोळसाही काढतात आणि गुमगावला ‘मॉइल’ कंपनीच्या खाणीत मँगनीजही, रीत मात्र वेगळी. कोळशाचे थर फारसे कललेले नाहीत. तिथे कोळशाचेच खांब राखून छत तोलतात. त्या खांबांतला बराच कोळसा अडकून राहतो. मँगनीजचे थर तीव्र उताराचे. ते खालून वर काप घेत काढतात, पोकळीत पाण्यासोबत वाळू सोडतात आणि त्याच भरावावर उभे राहून पुढचा काप घेतात. हे महाग आणि संथ, पण खनिज कमी वाया जाते, बाजूचा खडकही सावरतो. रीत निवडताना थराचा कल, जाडी, खडकाची ताकद, खनिजाचा भाव हे सारे तपासावेच. माझ्या मते वर शेत आहे की वस्ती, हे त्याआधी पाहावे.