लाखाची गाडी : गुण आणि दोष

(द्वितीय वर्ष, कला)

मोटारगाडीवर लेख लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? मी कला शाखेचा विद्यार्थी. माझे विषय इतिहास आणि मराठी. शिवाय आमच्या घरात ‘मोटार’ म्हणजे विहिरीवरची. अण्णा, म्हणजे माझे वडील, अशा मोटारींचे रिवाइंडिंग करतात. परंतु गेल्या दिवाळीत असा प्रसंग आला, की परीक्षेपेक्षाही मन लावून मला या विषयाचा अभ्यास करावा लागला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आजीला दर पंधरा दिवसांनी जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात न्यावे लागते. तिचे गुडघे एस. टी.ची पायरी चढू देत नाहीत आणि स्कूटरवर तिला बसवत नाही. अशात अण्णांना कळले, की दोन जुन्या नॅनो विकाऊ आहेत. एक २०१० सालची, दुसरी २०१५ ची. ते मला म्हणाले, “तू कॉलेजात जातोस, इंग्रजी वाचतोस. सगळं वाच आन् मला सांग, घ्यावी का न्हाई.” आमच्या घरात पुस्तक वाचून निर्णय घेण्याची ही पहिलीच वेळ. चूक झाली तर पैसे अण्णांचे जाणार आणि कॉलेजचे नाव माझ्यामुळे खराब होणार, असा तो पेच होता.

ही गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात लोकांना प्रथम दिसली. पावसात एकाच स्कूटरवरून जाणारे अख्खे कुटुंब पाहून रतन टाटा यांना तिची कल्पना सुचली, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. (स्कूटरवर पुढे उभे राहणारे जे मूल असते, ते मी होतो. म्हणून ती वाचताना मला थोडे चमत्कारिक वाटले.) पुण्याच्या अभियांत्रिकी संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली तिची आखणी झाली. सिंगूरचा कारखाना आंदोलनामुळे २००८ च्या ऑक्टोबरात सोडावा लागला व तो गुजरातेत साणंदला गेला. मार्च २००९ मध्ये विक्री जाहीर झाली. कारखान्यातली किंमत एक लाख. गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत ती सव्वा लाखाच्या पुढे जाई.

आता गाडीकडे वळू. तिचे सारे गुण आणि बरेचसे दोष एकाच गोष्टीतून निघतात, ती म्हणजे इंजिन मागे आहे. दोन सिलिंडरचे, ६२४ सीसीचे ते लहानसे इंजिन मागच्या आसनाखाली बसवले आहे. त्यामुळे पुढे लांब नाक लागत नाही आणि माणसांना जागा मोकळी मिळते. मारुती ८०० पेक्षा बाहेरून आठ टक्के लहान आणि आतून एकवीस टक्के मोठी, असा कंपनीचा दावा होता. लांबी जेमतेम ३.१ मीटर, उंची मात्र १.६५ मीटर. उंच असल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला वाकून आत शिरावे लागत नाही. खुर्चीवर बसावे तसे बसता येते. पुढचा भाग हलका म्हणून सुकाणू हलके, आणि चार मीटरच्या त्रिज्येत गाडी वळते. आमच्या गल्लीत हा गुण लाखमोलाचा आहे.

पण तेच इंजिन मागे असल्याने सामानाला जागा उरली नाही. सुरुवातीच्या गाड्यांचा मागचा दरवाजा उघडतच नसे. सामान ठेवायचे तर आसनाची पाठ पाडून आतून ठेवायचे. पेट्रोलची टाकी पंधरा लिटरची. खालच्या प्रतीच्या गाडीला आरसा एकच आणि तोही चालकाच्या बाजूचा. वायपरही एक, परंतु काच लहान असल्याने तो पुरतो. चाकाला तीनच नट, यावर लोक फार हसले. हे हसणे मला अज्ञानाचे वाटते. हलक्या गाडीला तीन पुरतात. फ्रान्सच्या सित्रोएन टू सीव्हीलाही तीनच असत. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत, यालाही कारण आहे. वजन मागे असले, की वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाऊ पाहते. रुंद टायर तिला धरून ठेवतात. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली.

खरी अडचण पुढे होती. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने भारतातल्या पाच लहान गाड्या धडकवून पाहिल्या. नॅनोला शून्य तारे मिळाले. तसे एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना शून्यच मिळाले, त्यांत फोक्सवॅगन पोलोही होती. परंतु एअरबॅग बसवल्यावर पोलोला चार तारे मिळाले. नॅनो, आल्टो आणि आय-टेन यांचा मूळ सांगाडाच इतका कमकुवत ठरला, की नुसती एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग नाही, असे मत पडले. हे सांगताना माझा आवाज उतरला. अण्णांनी क्षणभर विचार करून विचारले, “आपल्या स्कूटरला किती तारं हायत?”

मला उत्तर सुचले नाही. रात्री अंथरुणावर सुचले. स्कूटर आम्ही गावात तिसाच्या वेगाने चालवतो. गाडी आली की हायवेला लागणार, ट्रकांच्या मध्ये. तेव्हा अण्णांचा प्रश्न बरोबर असला, तरी तुलना अर्धीच आहे. हे मी सकाळी त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत.

मग ही गाडी चालली का नाही? साणंदच्या कारखान्याची शक्ती वर्षाला अडीच लाख गाड्यांची. विक्री पाऊण लाखावरही कधी गेली नाही. काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्यांनी धसका बसला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात अवघ्या ५०९ गाड्या गेल्या. परंतु सर्वांत मोठा दोष लोखंडात नव्हता, नावात होता. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का चुकीचा ठरला, असे पुढे खुद्द रतन टाटांनीच मान्य केले. विद्वान लोक याची कारणे पुष्कळ देतात. मला ते आमच्या आईवरून कळले. बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते म्हणून ती दर आठवड्याला त्याच वेळी जाते, पण वाटेत कोणी भेटले तर भाव सांगत नाही. गाडी तर भर रस्त्यात उभी राहते आणि तिचा भाव साऱ्या जगाला पाठ असतो. आमच्या शेजाऱ्यांनी अण्णांना सरळ सुचवले, “त्यापेक्षा रिक्षा घ्या की!”

पुढे सुधारणा झाल्या. २०१४ साली पॉवर स्टिअरिंग आले; २०१५ च्या गाडीला मागचा उघडणारा दरवाजा आणि चोवीस लिटरची टाकी आली. पण तोवर लोकांचे मत बनून गेले होते. जून २०१८ या महिन्यात कारखान्यातून एकच नॅनो बाहेर पडली. सुरक्षेचे आणि धुराचे नवे नियम आले, त्यांत तिला बसवण्यावर पुन्हा खर्च झाला नाही.

मी अण्णांना लिहून दिले ते एवढेच : घ्यायची तर २०१५ चीच, वीस हजार जास्त गेले तरी, वेग साठाच्या आत, पट्टे सर्वांनी बांधायचे, मागे बसणाऱ्यांनीही. रविवारी आम्ही आजीला घेऊन गाडी पाहायला गेलो. अण्णांनी खिशातून टेप काढून आधी मागचा दरवाजा मोजला. मोनोब्लॉक पंप बसेल, पाणबुडी मोटार बसणार नाही, ती स्कूटरवाल्या पोराकडून पाठवावी लागेल, असा त्यांचा हिशेब झाला. आजी दरवाजा धरून, न वाकता, सावकाश आत बसली आणि उतरायला तयार होईना.

आता पंधरवड्याच्या मंगळवारी पहाटे आम्ही निघतो. तरुणपणी टेम्पो चालवलेले अण्णा गाडी चालवतात, आजी पट्ट्याला नावे ठेवीत मागे बसते, आणि मी पुढे. काट्यावर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.